फुकटच्या सर्कशीला वन्स मोअर

सासरे रागावले म्हणून आम्ही लास व्हेगासला गेलो. लोक तिथे जुगार खेळायला जातात, हनिमूनला जातात, मित्राच्या लग्नाआधी धिंगाणा घालायला जातात. आम्ही सासऱ्यांचं परतीचं तिकीट वाचवायला गेलो.

त्याचं असं झालं. माझे सासू-सासरे मे महिन्यात सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, डॅलसजवळच्या अर्विंगला आले. आईंनी इथल्या भारतीय दुकानात अळूची पानं पाहिली आणि त्यांचा अमेरिकेवर विश्वास बसला. बाबांचं मात्र तिसऱ्याच आठवड्यात बिनसलं. बाबा तसे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण त्यांचं खरं आयुष्य गेलं नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेत. चार माणसं जमलेली दिसली नाहीत तर त्यांना जेवण जात नाही. आणि आमची सोसायटी कशी, तर गॅरेज उघडतं, गाडी आत जाते, गॅरेज मिटतं. "या घरांत माणसं राहतात का नुसत्या गाड्या?" असं त्यांनी एकदा विचारलं.

मग एका संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मंदार, माझं तिकीट अलीकडचं कर. तुझी आई राहू दे, मी जातो." मंदार म्हणजे माझा नवरा. तो कोणत्याही संकटावर एकच उपाय करतो, ट्रिप काढतो. "बाबा, एकदा व्हेगास बघा. तिथे माणसंच माणसं असतात. तिथून आलो की तुम्ही म्हणाल ते करू." बाबा म्हणाले, "बरं आहे."

हे 'बरं आहे' नीट समजून घ्या. बाबांना एखादी गोष्ट आवडली तर ते तिच्यावर तासभर बोलतात. अजिबात आवडली नाही तर 'बरं आहे' म्हणून मोकळे होतात. माझ्या रव्याच्या लाडवांना लग्नापासून 'बरं आहे'च मिळालेलं आहे.

तर डॅलसहून व्हेगास विमानाने तीन तासांच्या आत. घड्याळ दोन तास मागे जातं, त्यामुळे सकाळी निघालात तर अख्खा दिवस हाताशी राहतो. हॉटेल शक्यतो सोमवार ते गुरुवार घ्या, शनिवार-रविवारी भाव डोक्यावर बसतात. खोलीच्या भाड्यात रिसॉर्ट फी नावाचा एक चोरटा आकडा वेगळा लावतात, तो बुकिंग करतानाच बघून घ्या, नाहीतर काउंटरवर नवरा-बायकोचं भांडण होतं. आमचं झालं. पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या दुकानातून आणा, आणि जूनमध्ये जाणार असाल तर दुपारी रस्त्यावर पाऊल टाकू नका.

पहिल्या दिवशी आम्ही फुकटात बघण्यासारखं सगळं बघितलं, कारण आईंनी निघतानाच बजावलं होतं की जुगाराच्या गावात पाकीट उघडायचं नाही. गाण्यावर नाचणारी कारंजी बघितली. मंदारने विचारलं, "बाबा, आवडलं?" "बरं आहे." एका हॉटेलात छताखाली कालवा आहे, त्यात होडीवाला गाणी म्हणतो. "बरं आहे. सुरात आहे." काचेच्या छताखाली फुलांची बाग होती, तिथे आई हरखल्या आणि बाबा बाकावर बसून घोरले. मंदारचा चेहरा उतरत चालला होता.

मुलं बरोबर असतील तर एक नियम लक्षात ठेवा. एकवीस वर्षांखालच्यांना जुगाराच्या मजल्यावरून चालत जाता येतं, थांबता येत नाही. आमची ईरा अकरा वर्षांची. आणि बाबांना तर प्रत्येक मशीनपाशी थांबून चौकशी करायची होती. एक आजीबाई बटण दाबत बसल्या होत्या, त्यांच्या खांद्यावरून वाकून बाबांनी विचारलं, "एनी लक?" आजीबाईंनी मान हलवली. बाबा "अरेरे" म्हणाले आणि तिथेच दुःखात सहभागी होऊन उभे राहिले. रखवालदार आला आणि म्हणाला, "सर, मुलीला घेऊन पुढे चला." ईरा म्हणाली, "आजोबा, यू आर गेटिंग मी अरेस्टेड."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सर्कशीच्या कॅसिनोत गेलो. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. खाली जुगार, वरच्या मजल्यावर गोल रिंगण, समोर बाक, मागे मुलांचे खेळ आणि पॉपकॉर्नचा घमघमाट. दुपारपासून थोड्या थोड्या वेळाने कसरतीचे छोटे कार्यक्रम होतात. तिकीट नाही. वेळा तिथल्या पडद्यावर दिसतात.

बाबांना संशय आला. "फुकट कोण दाखवतं? नंतर थाळी फिरवतील."

"नाही हो बाबा," मंदार म्हणाला, "खाली लोक मशीनवर पैसे हरतात, त्यातून हे चालतं."

"म्हणजे ते आपले यजमान झाले." असं म्हणून बाबा कठड्यापाशी गेले आणि खालच्या हरणाऱ्या मंडळींना त्यांनी वरून नमस्कार केला. तिथे कोणी वर बघितलं नाही, पण त्यांनी आपलं कर्तव्य केलं.

कार्यक्रमाला वेळ होता. बाबांनी पहिल्या बाकावर या टोकाला स्वतःचा रुमाल टाकला, मध्ये आईंची शाल, मग मंदारची टोपी आणि त्या टोकाला भडंगाची पिशवी ठेवली. जागा धरली. मग आम्ही निवांतपणे पिझ्झा खायला गेलो. एवढ्या वर्षांत मला अमेरिकेचं वारं लागलंय असं मी समजते, पण यात काही चुकतंय हे माझ्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे जागा अशीच धरतात.

परत आलो तर बाक रिकामा करून दोन रखवालदार भडंगाभोवती उभे. एक जण वॉकीटॉकीवर बोलत होता. बाबा तरातरा पुढे गेले. "दिस इज अवर प्लेस."

"सर, ही बॅग तुमची आहे का? आत काय आहे?"

"भडंग."

ईरा दोन पावलं मागे सरकली आणि शेजारच्या अनोळखी कुटुंबात जाऊन उभी राहिली. मी पुढे होऊन तो चुरमुऱ्यांचा प्रकार आहे, लसूण असतो, शेंगदाणे असतात असं सांगितलं. त्याने पिशवी उघडली, वास घेतला आणि दणदणीत शिंकला. आईंनी त्याच्या हातावर मूठभर ठेवलं. त्याने ते खाल्लं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, सामान असं टाकून जायचं नाही."

"मग जागा कशी धरायची?" बाबांनी मला मराठीत विचारलं. मी त्याला विचारलं.

"तिथे बसून," तो म्हणाला. बाबांना हे उत्तर फारच बाळबोध वाटलं.

कार्यक्रम सुरू झाला. आधी कुत्र्यांचा खेळ, त्यात एक कुत्रा मध्येच प्रेक्षकांत येऊन ईराच्या हातातली पिझ्झ्याची कड घेऊन गेला. मग साठीच्या आसपासचा एक गृहस्थ आला. बरोबर त्याची बायको, चमचमता झगा घातलेली. ती एकेक खुर्ची वर देत होती आणि हा एकीवर एक रचत स्वतःही वर चढत होता. बघता बघता तो छताच्या दिव्यांपाशी पोचला आणि शेवटच्या खुर्चीच्या पाठीवर एका हातावर उलटा उभा राहिला. आणि लोक काय करत होते? अर्धे फोनवर, अर्धे उठून निघालेले. चारदोन टाळ्या पडल्या, त्याही पॉपकॉर्न सांभाळत. तो खाली उतरला, बायकोने खुर्च्या गोळा करायला घेतल्या.

बाबांना हे सहन झालं नाही. ते उभे राहिले आणि माईक नसलेल्या काळातल्या आवाजात ओरडले, "वन्स मोअर!"

सगळं थांबलं. निघालेले लोक वळले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्या संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षक असं ओरडतात आणि नट ते पद पुन्हा म्हणतो. पण हा गृहस्थ काही सांगलीचा नव्हता. त्याला एवढंच कळलं की कोणीतरी म्हणतंय, पुन्हा कर. त्याने बाबांकडे बघितलं. मग बायकोकडे बघून बोट वर केलं, खुर्च्या दे. तिने नकाराची मान हलवली. त्याने पुन्हा बोट वर केलं.

"बाबा, काय केलंत हे," मंदार म्हणाला, "तो पडेल ना."

बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. "अरे, मी दाद दिली. पद पुन्हा म्हणताना कोणाचं हाड मोडत नाही."

खुर्च्या पुन्हा चढू लागल्या. खालची एक करकरली. बाबांनी माझा हात धरला. लग्नाला चौदा वर्षं झाली, सासऱ्यांनी माझा हात कधी धरलेला नाही, आणि धरला तो असा की बांगडी रुतली. गृहस्थ वर पोचला, एका हातावर उलटा झाला, आणि या वेळी त्याने दुसऱ्या हाताने बाबांना टाटा केला. खाली उतरला तेव्हा झाडून सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाबा मात्र बसलेले, रुमालाने डोळे पुसत.

पाच मिनिटांत त्याची बायको आमच्यासमोर हजर. "ओरडलं कोण?"

"हिम," ईराने क्षणात आजोबांकडे बोट दाखवलं.

बाबांनी हात जोडले. बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "याला आजपर्यंत कोणी पुन्हा कर म्हणालेलं नाही. आता रोज दोनदा करायचं म्हणतोय. त्याचा खांदा दुखतो. कृपा करून पुढच्या शोला येऊ नका." मग त्यांनी भडंग घेतलं आणि जाता जाता बाबांचा गालगुच्चाही घेतला. आई दुसरीकडे बघू लागल्या.

कॅसिनोचं नाव का लिहिलं नाही ते आता कळलं असेल, तुम्हीही जाऊन ओरडाल. पुढच्या शोला बाबा गेलेच, पण खांबामागे, तोंडावर रुमाल दाबून. गृहस्थ वरून, उलटा असताना, गर्दीत कोणालातरी शोधत होता. बाबा सापडले. बाबांनी रुमालाआडून जोरजोरात मान हलवली, नको, नको. तो हिरमुसून खाली उतरला आणि त्याच्या बायकोने अंगठा उंचावून बाबांना शाबासकी दिली. त्यानंतर जेवताना बाबा त्या माणसावर तासभर बोलले. मंदारने टेबलाखालून मला पायाने ढोसलं. तिकीट वाचलं होतं.

असं आम्हाला वाटलं. अर्विंगला परतल्यावर चहा घेताना बाबा म्हणाले, "मंदार, तारीख बघितलीस का?"

मंदारने विचारलं, "पण बाबा, तुम्हाला आवडलं ना?"

"फार आवडलं. खेळ बघितला, खेळ संपला. आता घरी जायला हवं."

आणि मग मी भडकले. सासऱ्यांसमोर मी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला. "सारखं जातो, जातो. आम्हाला विचारलंत का? मला नाही आवडत तुम्ही गेलेलं. मी घरून काम करते, दिवसभर स्क्रीनशी बोलते. तुम्ही डिशवॉशरमधली भांडी बाहेर काढून परत लावता, माझा जीव जातो, पण घरात कोणीतरी आहे असं वाटतं. जाऊ नका. थांबा."

आई पदराला हात पुसत बाहेर येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी बशी खाली ठेवली.

"हे आल्याआल्या सांगायचं," ते म्हणाले. "तुम्ही मला कारंजी दाखवलीत, होड्या दाखवल्यात. थांबा असं कोणी म्हणेना. मला वाटलं, तुमची अडचण होत असेल."

व्हेगासला जाऊन काय मिळालं असं विचारलंत तर ईराच्या फोनमध्ये बाबांचा खांबामागचा फोटो आहे, आणि बाकी हे एवढंच. कार्यक्रम फुकट आहेत, जरूर बघा, पण घरच्या माणसाला जे सांगायचं ते निघायच्या आधी सांगून टाका, विमानाचे पैसे वाचतील. काल बाबा सांगलीच्या मित्राशी फोनवर बोलत होते. "नाही रे, माझी यायची इच्छा होती, पण सून सोडत नाही," असं त्यांनी चांगलं मोठ्याने सांगितलं, मला ऐकू जाईल इतकं. तिकीट आहे तेच ठेवलंय, ऑक्टोबरअखेरचं. मी अजून त्या तारखेकडे बघितलेलं नाही.