मॅडमची पाच बोटं

मॅडमनी माझ्या केसांत पाचही बोटं घातली आणि वर्गाला म्हणाल्या, “बघा. असेच केस.”

जोयड्याच्या कॉलेजात इंग्रजीचा तास होता. गुलामी संपल्यानंतरच्या काळावरची कादंबरी. त्यातली सुटका झालेली बाई दर अमावस्येला डोकं भादरून घेते, कारण मालक तिला केसांना धरून ओढायचा. “केस हे इथं मालकीचं प्रतीक आहे,” असं सांगताना मॅडमचा आवाज भरून आला होता. तशाच त्या माझ्या बाकाशी आल्या.

वर्गात सिद्दी मी एकटीच. आमचे पूर्वज आफ्रिकेतून जहाजात घालून विकायला आणलेले. मॅडमना ठाऊक होतं. मला विचारलं न्हाई. सरळ हात घातला.

“हात लावून बघा, स्पंजासारखे आहेत.”

मागच्या बाकावरच्या दोघी उठल्या. एकीनं बट ताणून सोडली. ती परत गुंडाळली, तसा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. त्यांच्या हाताला क्रीमचा गोडूस वास.

“मॅडम, हात काढा.”

त्यांनी काढला न्हाई. मी त्यांचं मनगट धरून बाजूला केलं.

“अगं, मी तुमच्याच बाजूनं बोलतेय.”

“बोला. पण हात लावू नका.”

तास संपल्यावर मॅडमचा निरोप आला, उद्या सगळ्यांसमोर माफी मागायची.

संध्याकाळी आमच्या गावी, गुंदला, घरी आले. आईला सांगितलं. ती सुपारीच्या बागायतदाराकडं कामाला जाते. ती म्हणाली, “माग बाय माफी. त्या घरातली पोरं रोज माझे केस ओढत्यात.”

“मग तू काय करतीस?”

“हसते. दुसरं काय करू?”

आईची न्हाई, त्या हसण्याची किळस आली. ते तिला ज्यांनी शिकवलं, त्यांची किळस आली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले. “माफी मागणार न्हाई.”

“इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“कापा.”

बसले. पुस्तक उघडलं. ती कादंबरी मी पुरी वाचणार हाय, परीक्षाही देणार हाय. पण कुणाच्या धड्याचं उदाहरण होणार न्हाई. काल मी हात नुसता बाजूला केला. पुढं कुणी घातला, तर पिरगाळीन.