कात्री तेवढी नेऊ नका

नोकरीतून वर्षभराची रजा घेतली तेव्हा मी ठरवलं, चार महिने परदेशातल्या द्राक्षबागेत काम करून यायचं. सायखेड्याला आमचीही बाग आहे. तिकडची छाटणी कशी असते ते मला हाताने करून बघायचं होतं. म्हणून फोनवर नाव नोंदवून कॉलेज रोडवरच्या एका व्हिसा एजंटाकडे गेले.

"टुरिस्ट व्हिसावर जा ताई, बिनधास्त काम करा," तो म्हणाला. "सगळेच करतात."

गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधीपासूनच संशय येतो. आमचा माल बघायला येणारे व्यापारी असेच बोलायचे. मी विचारलं, "आणि तिथल्या मजुरीवरचा टॅक्स?"

"रोख मिळते. कुणाला कळणारे?"

चहा आला. घोट घेता घेता तो सहज म्हणाला, "छाटणीची कात्री तेवढी बॅगेत टाकू नका. विमानतळावर नसत्या चौकशा करतात."

माझं डोकंच फिरलं. काम बिनधास्त करायचं, मग कात्रीला एवढं काय घाबरायचं?

"आत्ता जे बोललात ते सगळं लिहून द्या," मी म्हटलं.

"काय ताई, एवढाही विश्वास नाय? मी पण शेतकऱ्याचाच पोरगा हाय."

मग त्याने ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. त्यावर माझं नाव आधीच टाईप केलेलं होतं आणि खाली एकच वाक्य होतं: मी परदेशात कोणतंही काम करणार नाही. सहीची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.

त्याचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं.