सही मागायला येणारा माणूस

आमची लालबागची चाळ पाडून टॉवर बांधायचा होता. त्याच्या संमतीपत्रावर माझी सही घ्यायला बिल्डरचा एक माणूस दर महिन्याला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तीन मजले चढून यायचा, चपला बाहेर काढायचा आणि आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच उकिडवा बसायचा. मी तोंडाला येईल ते बोलायचो.

"मेल्यावर आम्हाला खाली कसं आणणार रे? लिफ्टमध्ये उभं करून?"

तो हसायचा. बायकोनं दिलेला चहा प्यायचा, कप स्वतः विसळून ठेवायचा. बापाच्या वेळची खोली मला मोडू द्यायची नव्हती, बस.

एकदा बायको शेजारी गेली होती. तो हळूच म्हणाला, "काका, मला शिव्या द्या. पण काकू सगळ्यांना चहा देतात आणि स्वतः घोटभर पाणी पीत नाहीत. संडास गॅलरीच्या टोकाला, त्यांचे गुडघे असे दुखरे. तुम्हाला दिसत नाही?"

मी त्याला हाकलला. मग हिला विचारलं, पाणी का पीत नाहीस? म्हणाली, "मला तहानच लागत नाही." मला सोयीचं होतं, म्हणून मी ते खरं मानलं.

ही गेली. दिवसकार्य उरकल्यावर मीच त्याला बोलावून सही केली. कागद घेऊनही तो उठेना.

"नव्या घरात संडास आतच आहे ना रे?" मी विचारलं.

"दोन आहेत, काका," तो म्हणाला, आणि त्याला माझ्याकडे बघवेना.