पेन्सिलीतले शेवट

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. सकाळी नळाला पाणी कमी. मैना कामाला आली नाही, भांडी मीच घासली. आम्रपालीने तीनच्या सिनेमाची दोन तिकिटे काढली आहेत. जावे की नाही, अजून ठरत नाही.

हिराबाईंनी पेनाला टोपण लावलं. भीमराव जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्या थिएटरात गेल्या नव्हत्या. सिनेमाचा कंटाळा नव्हता. अडचण शेवटाची होती.

भीमराव मांजरीला उसाच्या संशोधन संस्थेत, प्रयोगशाळेत कामाला होते. राहायला तिथलंच क्वार्टर. महिन्यातून एका रविवारी मुलांना शेजारच्या सुंदराबाईंकडे ठेवून दोघं पुण्याला कॅम्पात तीनच्या खेळाला यायची. खेळ सहाला सुटायचा आणि मांजरीची बसही सहालाच. ती चुकली की पुढची पावणेआठला. त्यामुळे सिनेमा ऐन रंगात आला की भीमरावांचं कोपर लागायचं. "हिरा, ऊठ."

मग बसमध्ये ते शेवट रचायचे. वादळ असो, दरोडेखोर असोत, भीमरावांच्या शेवटात सगळे जेवायच्या वेळेला घरी यायचे.

"अहो, पण तो मघाशीच मेला!"

"मेला कुठला? बेशुद्ध होता. तू नीट बघितलं नाहीस."

हिराबाई शिकल्या त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर दर शनिवारी मुलींच्या डायऱ्या तपासत. डोळ्यांनी पाहिलेलं शाईने, बाकीचं पेन्सिलीने, हा त्यांचा नियम. हिराबाईंनी तो सोडला नाही. सिनेमाचं नाव, थिएटर, गोष्ट शाईत; खाली भीमरावांचा शेवट पेन्सिलीत. पुढे हडपसरला फ्लॅट झाला, रिक्षा दारात येऊ लागली, तरी कोपर लागायचंच. आता सिनेमा पाहायचा तर त्या पेन्सिलीच्या ओळीत काय लिहायचं?

पण अडीचला नात आम्रपाली दारात उभी. "आजी, साडी मस्त आहे. चल, नाटकं नकोत."

सिनेमा अंतराळाचा होता. तीनशे वर्षं चालणारं यान, त्यात एका वेळी एकच माणूस जागा, बाकीचे काचेआड झोपलेले. दहा वर्षं पहारा करायचा, रोज वहीत नोंद ठेवायची आणि पुढच्याच्या उठण्याची वेळ यंत्रात लावून आपण झोपायचं. पडद्यावर एका निळ्या ग्रहाची बर्फाची कडी उलगडली तेव्हा हिराबाईंच्या हातातलं पॉपकॉर्न हातातच राहिलं. पहाऱ्यावरची बाई आधीच्या माणसाच्या नोंदी वाचत होती. त्याचं अक्षर तिला पाठ झालं होतं, आवाज मात्र तिने कधी ऐकला नव्हता.

संगीत चढलं आणि हिराबाई पर्स काखेत मारून उभ्या राहिल्या.

"वॉशरूम?"

"नाही गं. निघू या."

"आजी, सिरियसली? शेवटची दहा मिनिटं राहिलीत!"

"म्हणूनच."

मागून आवाज आला, "आजी, बसता का? आम्ही पडदा बघायला आलोय."

निघावं, तर शेवट रचायला भीमराव नाहीत. थांबावं, तर त्यांच्याशिवाय पाहिलेला हा पहिला शेवट. पडद्यावरच्या बाईने तेवढ्यात वहीचं शेवटचं पान उलटलं. हिराबाई खाली बसल्या.

बाईने त्याच्या नोंदीखाली आपली एक ओळ लिहिली, उठून त्याच्या काचेवर तळवा टेकला. आत काही हललं की नाही, कळायच्या आत पडदा पांढरा झाला. नावं सरकू लागली.

"संपला?" हिराबाईंनी विचारलं.

"संपला," आम्रपाली म्हणाली.

"उरलेला घरी जाऊन करायचा वाटतं," मागचे गृहस्थ म्हणाले.

हिराबाईंना असं हसू फुटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. इतकी वर्षं बस गाठायला धावलो, आणि इथेही काम आपल्यावरच!

रिक्षात आम्रपाली म्हणाली, "माझ्या मते तो उठतच नाही. ती एकटीच राहते. सो सॅड."

"बोट हललं होतं त्याचं."

"अजिबात नाही!"

"हललं. तू नीट बघितलं नाहीस."

स्वतःच्या तोंडून भीमरावांचेच शब्द आले आणि हिराबाई रिक्षाबाहेर पाहू लागल्या. मगरपट्ट्याचा सिग्नल सुटला. आम्रपालीने त्यांना कोपर मारलं.

"बरं, हललं. मग?"

"मग काय? दोघं जेवायला बसली."

रात्री त्यांनी डायरी उघडली. शाईत सिनेमाची गोष्ट लिहिली, काचेवरच्या हातापर्यंत. मग ड्रॉवरमधून पेन्सिल काढली, टोक केलं. आम्रपालीचा शेवट एका ओळीत, त्याखाली दुसरा. दुसऱ्यापुढे नाव लिहिताना हात थांबला. मग त्यांनी 'मी' लिहिलं. पेन्सिल ठेवून पुन्हा पेन घेतलं.

आम्रपाली जेवायला थांबली. मुगाची खिचडी केली. तूप संपले.