बाबासोची एकुलती एक चाल

बाबासो कांबळे तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. मंगळवार पेठेतल्या निम्म्या नवरदेवांना त्यानं मांडवात पोचवलं, पण गाणी सगळी दुसऱ्याची. पन्नाशीत त्याला स्वतःची एक चाल सुचली. लेकीनं, निशानं, तिच्यावर शब्द बसवले. भीमजयंतीच्या कार्यक्रमात गल्लीतल्या मुली ते गाणं म्हणणार आणि पत्रिकेवर 'संगीत : बाबासो कांबळे' असं छापून येणार. माणसानं हुरळून जावं की नाही? हा घाबरला!

घाबरवलं ते बँडवाल्यांनी. चाल ऐकून जो तो एकच विचारी, "कुठल्या पिच्चरमधलं रं?"

"माझं हाय."

"व्हय व्हय, तुझंच!" म्हणत सगळे खो खो हसत. ऐकून ऐकून त्याचाच स्वतःवरचा भरवसा उडाला. हजार गाणी पोटात घेऊन फिरणाऱ्यानं आपलं कुठलं नि परकं कुठलं, ओळखावं तरी कसं? निशानं मोबाईलला चाल ऐकवली. असं गाणं सापडत नाही, म्हणाला मोबाईल. बाबासोला पटेना. "त्येला आयेची गाणी कुठं ठावं हायती?"

शेवटी पत्रिका छापायला जायची त्या सकाळी त्यानं आईकडं, मुरगूडला जाणारी एसटी धरली. यल्लव्वानं डोळे मिटून चाल ऐकली आणि पदर डोळ्यांना लावला.

"ही तर तुझ्या बाची. वैरण कापताना शीळ घालायचा त्यो."

बाप, सिद्राम, गेला तेव्हा बाबासो दीड वर्षांचा होता. "म्हणून दाव की, आये."

म्हातारीनं म्हणून दाखवली. बाबासो कान टवकारून ऐकत राहिला. ह्या चालीचा त्या चालीशी एक सूर जुळेल तर शपथ!

"दोन्ही येगळ्या हायत्या गं."

"येगळ्या कशानं? तीच की!" यल्लव्वा खेकसली. मग हळूच म्हणाली, "त्येचं कायबी ऱ्हायलं न्हाय रं. फोटू सुदिक न्हाय."

तेवढ्यात छापखान्यातून निशाचा फोन आला. संगीत म्हणून नाव नक्की कुणाचं घालायचं? बाबासोचे कान आता छातीठोक सांगत होते, चाल तुझीच. समोर आई भलतीच चाल गुणगुणत बसली होती.

"सिद्राम कांबळे," तो दाराकडं वळून दबक्या आवाजात म्हणाला.

"आजोबा? ते कुठं गात होते, बाबा?"

"तू छाप."

फोन ठेवला. चाल आपलीच, हे कळलं आणि कळल्या कळल्या आपण ती देऊन बसलो. हसावं की रडावं, त्याला कळेना.

"निशाचा फोन व्हय रं?" आईनं विचारलं. "पत्रिकेवर कुणाचं नाव सांगितलंस?"


"चाल ज्येची, त्येचं," बाबासो म्हणाला. हे खोटं बोललो की खरं, तेही त्याला कळेना.