सर्व्हरपुढचा दिवा

न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात मी कॉम्प्युटर बघते. बघते म्हणजे काय, तर तिथे एका लहानशा बंद खोलीत आमचा स्वतःचा सर्व्हर होता. कुठला कंटेनर आला, कुठे ठेवला, कधी गेला, हा सगळा डेटाबेस त्यात. तो बंद पडला की गेट पास निघत नाही, गेट पास नाही की ट्रेलर हलत नाही, आणि ट्रेलर हलला नाही की ड्रायव्हर लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्या मशीनची दुखणी कळणारी अख्ख्या यार्डात मी एकटी. त्यामुळे रजा मागितली की साहेबांचं ठरलेलं उत्तर, "जा ना मॅडम, पन दोन दिवसान या."

आई गावी, मंडणगडकडे. इकडे यायचं नाव काढत नाही. तिची नजर कमी कमी होत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. फोनवर एकच पालुपद, "एकदा आठ दिस ऱ्हा गो. येतेस नि जातेस, तुझा तोंड पन धड बघून होत नाय." मला ते आठ दिवस हवे होते. पगारवाढ नको, बढती नको. तिला माझं तोंड दिसतंय तोवर आठ दिवस, बस.

म्हणून मी साहेबांच्या मागे लागले, की डेटाबेस क्लाउडवर नेऊ. मशीन त्या क्लाउड कंपनीचं, देखभाल त्यांची, रोजची कॉपी ते काढणार, बिघडलं तर त्यांची माणसं धावणार. आपण महिन्याचं भाडं भरायचं नि वापरायचं.

साहेब इथलेच, खाडीकाठच्या गावातले. शहर वसवायला त्यांच्या वडलांची भातशेती गेली होती. रोज सकाळी खुर्चीत बसायच्या आधी ते सर्व्हरच्या खोलीत जाणार, मशीनवर हात ठेवणार, हिरवा दिवा बघणार, मगच चहा. माझं सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, आमची जमीन गेली तवा पन लोक असाच गोड बोलत होते. आपला हाय तो आपल्या घरान पायजे. हात लावला तर हाताला लागला पायजे."

कपाळ माझं! राग याचाच यायचा, की माणूस चुकीचं बोलत नव्हता. उद्या त्या कंपनीने भाडं वाढवलं तर? सगळा संसार त्यांच्या पद्धतीने मांडल्यावर बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय हाल, हे कोपरखैरण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको. पण स्वतःच्या मशीनलाही भाडं लागतंच की. ते मी भरत होते, आईकडे न जाऊन.

दसऱ्याला यार्डात सगळ्या यंत्रांची पूजा असते. क्रेन, फोर्कलिफ्ट, वजनकाटा आणि सर्व्हरसुद्धा. गावी आमच्या वाडीत त्या दिवशी सगळे विहारात जमतात, म्हणून मी निदान दोन दिवस तरी मागून घेतले होते. सर्व्हरला हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला, पुढे तेलाचा दिवा ठेवला. एसीच्या वाऱ्याने दिवा विझायला लागला, म्हणून कोणीतरी एसी बंद केला. मी बजावलं, "पूजा झाली की लगेच चालू करा हां." सगळे हो हो म्हणाले. मी बस पकडली.

बस वडखळला पोचली आणि यार्डातून फोन आला. सर्व्हर तापून बंद पडला, गेटवर रांग लागली.

"एसी चालू केला का?" मी विचारलं.

"नाय मॅडम. दिवा पेटलेलाच हाय अजून."

"मग उचलून बाहेर ठेवा ना!" अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली.

"पूजेचा दिवा हालवायचा कसा? नि साहेबांनी तेल लय घातलाय."

उतरले आणि उलटी बस धरली. आईला फोन केला. ती म्हणाली, "बरा." एवढंच. ओरडली असती तर मीही ओरडले असते. त्या एका शब्दाने जीव नकोसा झाला.

डिस्क गेली होती. नवी बसवून आदल्या दिवशीच्या कॉपीवरून सगळं उभं करत होते आणि साहेब दारात उभे होते. शेवटी म्हणाले, "त्या भाड्याच्या जागेन दिवा लावायचा नसतो ना?"

"नाही."

"मंग न्या एकदाचा."

नेला. पण एवढं जुनं सामान हलवायचं, तपासायचं, त्यात कित्येक महिने गेले. मग कुठे आठ दिवसांची रजा मिळाली.

पोचले तेव्हा आईने दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. "वाळलीस गो," म्हणाली. तिला आता काहीच दिसत नव्हतं. मला उशीर झाला होता.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला. म्हटलं, बोंबला! साहेब होते. "मॅडम, चालू हाय ना?"

"चालू आहे साहेब. काय झालं?"

"काय नाय. आता दिसत नाय ना कुटं, म्हनून इचारला."

मग रोज तेच, चहाच्या आधी. हात ठेवायला मशीन उरलं नाही, तर मी सापडले! तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा सुनवायचंच, असं ठरवून फोन कानाला लावला, तर घरातून आईची हाक. मी जरा गप्प बसले की ती अशी हाक मारायची, "हायस ना गो?" मी साहेबांना एवढंच सांगितलं, "चालू आहे."

आठव्या दिवशी रिक्षा दारात आली. शेजारची वहिनी आईजवळ थांबणार होती. मी निरोप घेतला, बॅग उचलून अंगणात आले, रिक्षात पाय ठेवला. आतून हाक आली, सवयीची.

"हायस ना गो?"

"आहे," मी म्हणाले, आणि रिक्षावाल्याला हातानेच थांब म्हणून खूण केली.