पंकजची आई रस्ता सांगते

खोटं बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण सायकल चालवत, धापा टाकत, ऊर्जानगरापासून मूल गावापर्यंत न थांबता खोटं बोलणारी बाई मी एकच पाहिली. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली पंकजची आई. पंकज जन्मापासून आंधळा. आता पंचविशी ओलांडलेला, आईपेक्षा हातभर उंच. वेल्डरकडून त्यांनी दोन सायकली जोडून घेतल्या होत्या. पुढे हँडल धरून आई, मागे पॅडल मारत पंकज. लांब पल्ल्याची एकही शर्यत ही जोडी सोडत नसे.

वाटेत दिसेल ते बाई त्याला सांगत, आणि दिसणारं कमी पडलं की पदरचं घालत. शेळ्यांची चितळं होत. मोहर्लीच्या जंगलवाटेवर एकदा त्यांनी म्हशीचा रानगवा केला. पंकजनं विचारलं, "आई, गव्याच्या गळ्यात घंटी काऊन आहे?"

"वनखात्यानं बांधली असन," म्हणत बाईंनी पॅडलचा जोर वाढवला.

शर्यतीचंही तसंच. आपल्या मागे अजून बरेच जण आहेत, असं त्या दर मैलाला ठोकून देत. पाण्याची गाडी घेऊन सर्वांत शेवटी मी असे. त्यांच्या मागे फक्त मीच होतो.

यंदा मूलला पोहोचलो तेव्हा शर्यतीचा मांडव उतरवत होते. लोक टाळ्या वाजवायला थांबलेत, बाई सवयीनं म्हणाल्या. लोखंडी पाइप दणादण आदळत होते. पंकज उतरला आणि हळूच म्हणाला, "मांडव काढून राह्यले ना, आई?"

बाई सायकल झाडाला टेकवू लागल्या.

"सायकली पुढं जातात तेव्हा मले आवाज येते. पयल्या वर्षापासून येते."

"मंग बोलला काऊन नाई?"

"सांगतानी तू लई खुश रायते म्हून."

बाईंची मान खाली गेली. पोराला फसवल्याची लाज होतीच. पोरगंच इतकी वर्षं आपल्याला सांभाळून घेत होतं, याची लाज त्याहून मोठी. परतताना माझ्या गाडीत त्या पदर तोंडाला लावून बसल्या. पंकजनं पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी घेतली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. जणू त्याला दिसलं असतं.

बरेच दिवस सायकल भिंतीला टेकून होती. शेवटी पंकजनंच हट्टानं ती बाहेर काढली. आता बाई खरं तेवढंच सांगतात. ट्रक आला, खड्डा आहे, सगळे पुढे गेले. एरवी दोघं मुकाट्यानं पॅडल मारतात. परवा दोरीवर कपडे वाळत घालताना मला म्हणाल्या, "खरं सांगत गेलं भाऊ, तर मूल लई दूर आहे."